नागपूरच्या उन्हात नायट्रो इंजिनांची तुलना: एक गाडी, दोन इंजिनं आणि एक वही

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या नायट्रो गाडीची (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर पळणाऱ्या) २१ मापाची दोन इंजिनं होती. दोन्ही बग्गीची (कच्च्या मैदानावर उड्या घेत पळणारी गाडी), दोन्ही ३.५ सीसीची. एकाच्या खोक्यावर हॉर्सपॉवरचा आकडा बराच मोठा होता. मे महिन्यात हिंगण्याकडच्या मुरमाड मैदानावर तेच इंजिन सातव्या-आठव्या मिनिटाला आयडलवर (थ्रॉटल सोडून हळू चालताना) मरायचं. दुसरं सरळ रेषेत थोडं मागे पडायचं, पण टाकी संपेपर्यंत पहिल्या मिनिटासारखंच वाजायचं. वीस मिनिटांच्या शर्यतीत प्रत्येक वेळी पुढे तेच असायचं.

तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्यावरून इंजिन घ्यायचं मी सोडलं. हॉर्सपॉवर कोणत्या एक्झॉस्ट पाइपवर, इंधनातल्या किती नायट्रोवर, किती तापमानात मोजली हे खोका सांगत नाही, आणि दोन कंपन्यांची मोजायची पद्धत एक असेलच असंही नाही. आपल्या गाडीत, आपल्या मातीत, आपल्या उन्हात इंजिन कसं वागतं हे आपणच मोजायला हवं. ते कसं मोजायचं, ते इथे क्रमाने लिहितो. थर्मामीटर गन, स्टॉपवॉच आणि वही एवढं सामान पुरतं.

पायरी १: माप आणि वर्ग पक्का करा

इंजिनावरचा १२, २१, २८ हा आकडा म्हणजे घनइंचाचा शंभरावा भाग. एक घनइंच म्हणजे १६.३९ सीसी, म्हणून २१ म्हणजे साडेतीनच्या आसपास, १२ म्हणजे दोनच्या आसपास आणि २८ म्हणजे साडेचारच्या वर. १/८ बग्गीला (खऱ्या गाडीच्या आठव्या भागाएवढी) २१, १/१० ऑन-रोड (पक्क्या ट्रॅकवरच्या) टूरिंगला १२ आणि मोठ्या मॉन्स्टर ट्रकला २८. शर्यतीच्या १/८ वर्गात ३.५ सीसी ही मर्यादाच आहे, त्यामुळे २८ मापाचं इंजिन बसवून तिथे उतरता येत नाही. नवीन मुलं बऱ्याचदा इथेच पैसे घालवतात.

२१ मध्येही दोन जाती आहेत. ऑन-रोडचं इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) खुलतं. बग्गीच्या इंजिनाला मात्र वळणातून बाहेर पडताना आणि उडी घेण्याआधीच्या चार फुटांत जोर लागतो. दोघांचे पोर्ट, क्रँक आणि कूलिंग हेड वेगळे असतात. स्वस्तात मिळालं म्हणून ऑन-रोडचं इंजिन बग्गीत घालू नका, कारण तसं करून केलेल्या तुलनेतून काहीच कळत नाही.

पायरी २: माहितीपत्रकात काय वाचायचं

स्लीव्हमधले (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे मिश्रण आत सोडणारी भोकं किती, हे आधी बघा. तीन, पाच, सात असे असतात. जास्त पोर्ट म्हणजे जास्त ताकद, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. जास्त पोर्टांनी वरच्या आरपीएमला मिश्रण जास्त भरतं, पण पेट्रोलपंपासमोर रांग लावल्यासारखं इंधनही जास्त जातं आणि ट्यूनिंगची चुकायची जागा कमी उरते. मुरमावर चाकं घसरतातच, तिथे तीन किंवा पाच पोर्टांचं गोड चालणारं इंजिन हातात लवकर बसतं.

दुसरी गोष्ट बोर आणि स्ट्रोक. २१ मापात १६.२६ मिमी बोर आणि १६.८ मिमी स्ट्रोक ही जोडी बऱ्याच इंजिनांत दिसते. हिशोब केला तर ३.४९ सीसी येतात. ३५,००० आरपीएमला हा पिस्टन सेकंदाला ५८३ वेळा वरखाली होतो आणि त्याचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरच्या पुढे जातो. करंगळीच्या टोकाएवढ्या धातूवर इतका ताण असतो, म्हणून कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगचा दर्जा पोर्टांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचा, असं माझं मत आहे.

कार्बोरेटर स्लाइड (सरकून उघडणारा) आहे की रोटरी (फिरून उघडणारा), हे बघा. शर्यतीच्या इंजिनांत स्लाइडच असतो, आणि त्यात छोटी रिंग बदलून तोंड ६, ६.५, ७ मिमी असं करता येतं. ही सोय असलेलं इंजिन घ्या. छोट्या रिंगने इंधन वाचतं आणि थ्रॉटलचा झटका कमी होतो. पुल-स्टार्ट (दोरी ओढून सुरू होणारं) आहे की स्टार्टर बॉक्स (इंजिन फिरवणारं बाहेरचं यंत्र) लागतो, प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा) साधा आहे की टर्बो, हेही लिहून ठेवा. टर्बो प्लगची बैठक शंकूच्या आकाराची असते. साध्या प्लगचं हेड वेगळं, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात चालत नाही.

नावांबद्दल थोडं. जपानचं ओएस हे ओसाकात १९३६ पासून इंजिनं करणारं घराणं आहे, आणि इटलीतून पिको, नोव्हारॉसी, रेड्स ही नावं शर्यतीत ऐकू येतात. तयार गाड्यांसोबत येणारी स्वस्त इंजिनं शिकायला चांगली असतात. पण नाव बघून थांबू नका. त्याच इंजिनाचा पिस्टन-स्लीव्ह सेट, कनेक्टिंग रॉड, मागचं बेअरिंग आणि कार्बच्या ओ-रिंग भारतात कुठे मिळतात, आणि नागपुरात यायला किती दिवस लागतात, हे आधी दोन-तीन दुकानांना फोन करून विचारा. सुट्या भागाविना पडून राहिलेलं उत्तम इंजिन कागदावर दाबून ठेवायच्याच कामाचं उरतं.

पायरी ३: आपली हवा समजून घ्या

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची अर्धी इंजिनं इथे खराब होतात.

इंजिनात हवा किती वजनाची गेली, त्यावर इंधन किती द्यायचं हे ठरतं. डिसेंबरच्या पहाटे नागपुरात १२ अंश असतात आणि मे महिन्याच्या दुपारी ४५. तापमानाच्या साध्या हिशोबाने मेमधली हवा सुमारे १० टक्के विरळ होते. त्यात नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. दोन्ही धरलं तर नवतपातल्या दुपारची आपली हवा इंजिनाला प्रमाण हवामानात सुमारे १५०० मीटर उंचीवर असते तितकी पातळ लागते. आपलं चिखलदरासुद्धा एवढं उंच नाही.

हवा विरळ म्हणजे प्राणवायू कमी, आणि प्राणवायू कमी म्हणजे इंधनही कमी हवं. म्हणून हिवाळ्यात लावलेली नीडल (इंधन किती जाईल हे ठरवणारा कार्बवरचा स्क्रू) उन्हाळ्यात रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडतं. गाडी जड चालते, धूर दाट येतो. त्याच वेळी गनवर हेडचं तापमान मात्र जास्त दिसतं, कारण भोवतालची हवाच ३० अंशांनी गरम आहे. माणूस गोंधळतो. आकडा बघून आणखी रिच करतो, गाडी आणखी सुस्त होते, मग चिडून एकदम लीन (इंधन फार कमी) करतो आणि इंजिन अडकतं.

उलट्या दिशेची चूक जास्त महाग पडते. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी लावलेली नीडल मी डिसेंबरच्या एका पहाटे तशीच ठेवली. हवा सहा-सात टक्क्यांनी दाट झालेली, इंधन तेवढंच. पहिल्या दोन फेऱ्या गाडी अशी पळाली की आनंद झाला. तिसऱ्या फेरीत सरळ रेषेच्या शेवटी आवाज चढला आणि तुटला. रॉड मधूनच गेला होता, स्लीव्हवर ओरखडा, क्रँककेस आतून फुटलेलं. गाडी अचानक नेहमीपेक्षा जोरात पळायला लागली तर लगेच थांबवून बघायचं, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून तुलना करताना प्रत्येक नोंदीत हवेचं तापमान आणि वेळ लिहायची. एक इंजिन सकाळी सातला आणि दुसरं अकराला चालवलं तर ती दोन इंजिनांची तुलना राहत नाही.

पायरी ४: इंधन, प्लग आणि शिम एकसारखे ठेवा

आपलं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. एक किलो मिथेनॉल पूर्ण जळायला साधारण साडेसहा किलो हवा लागते. नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो पुरते, कारण प्राणवायू त्याच्या रेणूतच असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन मिथेनॉलच्या दुपटीहून जास्त उष्णता देतं. ताकद इथून येते आणि तापही.

युरोपात फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला वजनाने १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन परवान्याशिवाय मिळत नाही. त्याआधीच्या बऱ्याच चाचण्या २५ टक्क्यांवर झालेल्या असतात. परदेशातल्या दोन चाचण्या वाचून इंजिनांची तुलना करायची असेल तर नायट्रोचं प्रमाण आधी बघा.

आपल्या चाचणीत दोन्ही इंजिनांना एकाच डब्यातलं इंधन द्या. उन्हाळ्यासाठी थोडं एरंडेल तेल असलेलं इंधन मला जास्त भरवशाचं वाटतं. खूप तापल्यावर सिंथेटिक तेल जळून जातं तेव्हाही एरंडेल धातूला धरून राहतं. त्याची चिकट राळ हेडवर आणि पाइपमध्ये बसते, ती साफ करायची तयारी ठेवा.

मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, हेही लक्षात असू द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या चारचाकीच्या डिकीत डबा ठेवला की तो फुगतो. डबा सावलीत, थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. इंधनाची नळी एक्झॉस्टच्या हेडरला (इंजिन आणि पाइप जोडणारी नळी) टेकत असेल तर तिच्यात बुडबुडे होतात आणि तुम्ही कार्बला दोष देत बसता.

मिथेनॉल विषारी आहे. तोंडाने नळी ओढायची नाही, हातमोजे घालायचे, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे बादलीभर पाणी आणि ओला टॉवेल जवळ ठेवला तर कामाला येतो.

प्लगच्या तारेवरचं प्लॅटिनम मिथेनॉलसोबत तापून लाल राहतं, म्हणून सुरू झाल्यावर बॅटरी लागत नाही. उन्हाळ्यात थंड प्लग (कमी उष्णता धरणारा) आणि हिवाळ्यात गरम प्लग (जास्त धरणारा), हा साधा नियम. तुलना करताना दोन्ही इंजिनांत एकाच प्रकारचा नवा प्लग लावा. हेडखालच्या शिम (पातळ चकत्या) कंपनीने दिल्या तेवढ्याच ठेवून सुरुवात करा. प्लगची तार खडबडीत, पांढरट दिसली तर दाब जास्त होतोय, तेव्हा ०.१ मिमीची एक शिम वाढवा. नायट्रो वाढवलं तरी तेच.

पायरी ५: जुनं इंजिन असेल तर हातात घेऊन तपासा

आपल्याकडे अर्धा व्यवहार वापरलेल्या इंजिनांचाच असतो. तेव्हा ही तपासणी शांतपणे करा.

प्लग काढा, फ्लायव्हील बोटांनी फिरवा. थंड इंजिनात पिस्टन अगदी वर येताना घट्ट अडकल्यासारखा व्हायला हवा. त्याला पिंच म्हणतात. ही इंजिनं एबीसी पद्धतीची असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिच्या आत क्रोमचा थर. स्लीव्ह वर निमुळती असते. इंजिन तापलं की तिचा वरचा भाग जास्त फुलतो आणि जागा बरोबर होते. मी पहिलं इंजिन घेतलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. अडकतं म्हणून मी ते ओळखीच्या एका लेथवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी दोनदा फिरवून बघितलं, मिस्त्रीचा हात असल्यामुळे त्यांना लगेच कळलं. "काही नाही भाऊ, थंडं आहे म्हणून अटकते. गरम कर, मंग फिरंल. जे थंडंच सलसल फिरते ना, ते घिऊ नको." वापरलेल्या इंजिनाची याहून चांगली परीक्षा मला आजवर सापडलेली नाही.

मग मागचं झाकण उघडा. पिस्टन सर्वात खाली ठेवून कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून बघा. हलकीशी हालचाल बोटाला कळली तर ठीक, पण टिक असा आवाज आला तर रॉडचं बुश गेलं. क्रँकपिन निळसर पडली असेल तर ते इंजिन कधीतरी तेलाविना तापलं आहे. मागचं बेअरिंग कोरडं करून फिरवा. खरखर म्हणजे गंज. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी नेमकं तिथे बसतं.

एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून स्लीव्हकडे बघा. क्रोमचा पापुद्रा निघालेला दिसला तर तिथेच नाही म्हणा. हेडच्या स्क्रूंची तोंडं खराब झालेली असली तर इंजिन पुष्कळदा उघडलं गेलंय. कार्बच्या मुळाशी मळ ओला दिसला तर तिथून हवा गळते, आणि हवा गळणारं इंजिन कधीच नीट ट्यून होत नाही.

पायरी ६: दोन्हीचं ब्रेक-इन (नवं इंजिन रुळवणं) एकाच पद्धतीने

नवं इंजिन थंड असताना स्टार्टर बॉक्सवर जबरदस्तीने फिरवलं तर पिंच झिजते आणि रॉडवर ताण येतो. म्हणून आधी गरम करा. इतवारीतून आणलेली साधी हीट गन किंवा घरचा हेअर ड्रायर चालतो. हेड ७०-८० अंशांवर आलं की प्लग लावा आणि सुरू करा. हिवाळ्याच्या सकाळी हेडला कागद किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, म्हणजे तापमान टिकतं.

पहिल्या टाकीत आयडल आणि थोडा थ्रॉटल, मिश्रण जरा रिच. पण फार रिच नको. धो धो धूर सोडत थंड चालणारं इंजिन पिंच घासत राहतं. हेड ८०-९० अंशांच्या आसपास राहील असं बघा. टाकी संपली की थांबवा, पिस्टन खाली आणून ठेवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. वर अडकलेला पिस्टन थंड झाला तर आकुंचन पावणारी स्लीव्ह त्याला आवळते. अशा चार-पाच टाक्या, प्रत्येक टाकीत थोडा जास्त वेग आणि थोडी कमी रिच नीडल. दोन्ही इंजिनांना सारख्याच टाक्या. एकाला दोन आणि दुसऱ्याला सहा टाक्या देऊन तुलना केली तर ती अन्यायाची आहे.

पायरी ७: ट्यूनिंगचा एकच पाया

तीन गोष्टी क्रमाने लावा.

आधी हाय-स्पीड नीडल. सरळ रेषेवर पूर्ण थ्रॉटलला मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसायलाच हवी. रेघ दिसत नसेल तर गाडी कितीही पळत असू दे, ती लीन आहे. नीडल एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढीच फिरवा आणि दोन फेऱ्या मारून बघा.

मग लो-स्पीड नीडल. इंजिन गरम असताना आयडलवर ठेवा आणि कार्बजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. दोन ते चार सेकंदांत आरपीएम थोडं वाढून इंजिन बंद पडलं तर बरोबर. दाबताच मेलं तर लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच.

शेवटी आयडल स्क्रू. कार्बची फट साधारण ०.५ ते ०.७ मिमी. फट जास्त उघडून आयडल टिकवणारे बरेच आहेत. तसं केलं की लो-स्पीड नीडलची चूक झाकली जाते आणि ती शर्यतीत उघडी पडते.

तापमान यानंतर बघा. १/८ बग्गीत प्लगजवळ १०० ते १२० अंश ही सर्वसाधारण मर्यादा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन कमी आकडा दाखवते, म्हणून हेडवर काळ्या मार्करने ठिपका करा आणि दर वेळी तिथेच, तेवढ्याच अंतरावरून मोजा. गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तीन-चार सेकंदांत चुरचुरून उडाला तर ठीक, पडताच नाचून गेला तर फार गरम. आपल्याकडे आधी धूर, मग आवाज आणि मग गन, हा क्रम मी पाळतो.

पायरी ८: चाचणीचा दिवस

गाडी एकच, क्लच एकच, गिअर एकच, टायर एकाच झिजेचे, पाइप एकच. एका पाइपचा हेडर लांब असेल तर खालचा जोर वाढतो, आखूड असेल तर वरचा वेग. पाइप बदलून इंजिनांची तुलना केली तर शेवटी पाइपचीच तुलना होते.

जागेची परवानगी घ्या. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शांतता क्षेत्र असू शकतं, आणि नायट्रोचा आवाज दूर जातो. वस्तीपासून लांब, मुरमाची जागा बघा. काळ्या मातीचा ट्रॅक कोरडा असताना इतकी बारीक धूळ उडवतो की तेल लावलेला दोन थरांचा फोम फिल्टर नसेल तर एका सकाळीत पिंच जाते. प्रत्येक इंजिनाला धुतलेला, तेल लावलेला फिल्टर द्या आणि दुसऱ्या टाकीनंतर तो काढून आतला थर बघा. आत धूळ दिसली तर चाचणी थांबवा.

क्रम असा ठेवा: पहिलं इंजिन, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. सकाळी सात ते दहा या वेळात आपल्याकडे तापमान आठ-दहा अंशांनी चढतं. पहिल्या इंजिनाच्या दोन पाळ्यांमधला फरक हवेचा, आणि त्या दोघांच्या मध्ये दुसरं कुठे बसतं तो फरक इंजिनाचा. एवढं केलं तरी निम्मं भांडण मिटतं.

प्रत्येक टाकीला वहीत हे लिहा: वेळ, हवेचं तापमान, सगळ्या फेऱ्यांचे सेकंद, टाकी किती मिनिटं टिकली, तिसऱ्या मिनिटाला आणि शेवटी हेडचं तापमान, शेवटी दहा सेकंद आयडलवर ठेवल्यावर इंजिन टिकलं का, गरम असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं का. शेवटी प्लग काढून तार बघा. ओली आणि चकचकीत म्हणजे रिच, करडी आणि वाकलेली म्हणजे लीन.

दहा सेकंदांच्या आयडलला मी सर्वात जास्त वजन देतो. पिटमध्ये इंधन भरताना, अपघातानंतर गाडी सरळ होईपर्यंत, सुरुवातीच्या रांगेत, हेच दहा सेकंद असतात. गरम इंजिन तिथे मेलं की फेरीचा वेग कितीही चांगला असो, काही उपयोग नाही.

पायरी ९: वहीतून निर्णय

सर्वात वेगवान फेरी बघू नका, सर्वात वेगवान आणि सर्वात संथ यांच्यातलं अंतर बघा. समजा पहिल्याची फेरी ३४.१ ते ३७ सेकंदांत फिरते आणि दुसऱ्याची ३४.५ ते ३५.६. मी दुसरं घेतो. पहिलं हातात येत नाही, असा त्याचा अर्थ.

मग इंधनाचा हिशोब. १/८ वर्गात टाकी १२५ सीसीची. पहिलं आठ मिनिटं टिकलं तर अर्धा मिनिट राखून साडेसात धरा, दुसरं साडेनऊ टिकलं तर नऊ. ३० मिनिटांच्या अंतिम फेरीत पहिल्याला चार टाक्या, म्हणजे तीन पिट. दुसऱ्याला ३.३ टाक्या, म्हणजे तेही तीनच पिट! इथे मायलेजचा काही फायदा झाला नाही. ४५ मिनिटांत मात्र पहिल्याला पाच पिट आणि दुसऱ्याला चार. जागतिक स्पर्धेतल्या एक तासाच्या अंतिम फेरीत सात विरुद्ध सहा. आपल्या शर्यतीची लांबी लिहून हा भागाकार करा, मगच मायलेजसाठी पैसे द्या.

एका पिटला गाडी आत येऊन परत रांगेला लागेपर्यंत तुमच्या टीमला किती वेळ लागतो, ते मोजा. समजा दहा सेकंद. ३५ सेकंदांची फेरी असेल तर अर्ध्या तासात ५१ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला ०.२ सेकंद वेगवान इंजिन साधारण दहा सेकंद कमावतं. म्हणजे एक पिट वाचवणारं इंजिन आणि फेरीला ०.२ सेकंद वेगवान इंजिन बरोबरीचे. त्यापेक्षा मोठी रिंग काढून छोटी बसवली तर मायलेज किती वाढतं आणि फेरी किती संथ होते, हे आधी करून बघा. पुष्कळदा नवं इंजिन घ्यावंच लागत नाही.

खर्चाचं पान वेगळं ठेवा. इंजिनाची किंमत, त्यात एका पिस्टन-स्लीव्ह सेटची, दोन रॉडची, एका मागच्या बेअरिंगची आणि डझनभर प्लगची किंमत मिळवा. या बेरजेला तेवढ्या काळात जळणाऱ्या लिटरने भागा. दर लिटरमागे कोणतं महाग, ते दिसेल. स्वस्त इंजिनाचा सेट मिळत नसेल तर प्रत्येक वेळी नवं इंजिनच घ्यावं लागतं, आणि मग ते स्वस्त राहत नाही.

नवीन मुलांना माझा सल्ला सरळ आहे. पहिलं इंजिन तीन किंवा पाच पोर्टांचं, स्लाइड कार्बचं, सुटे भाग मिळणारं घ्या. त्यावर एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढा. दोन्ही ऋतूंत नीडल किती फिरवावी लागली ते वहीत असेल, तेव्हा दुसऱ्या इंजिनाबद्दल विचार करा. ज्यांच्या हाताला ट्यूनिंग बसलंय आणि ट्रॅकवर पकड चांगली आहे, त्यांनी सात पोर्टांकडे जायला हरकत नाही.

पायरी १०: चाचणी संपल्यावर

टाकीतलं इंधन काढा आणि इंजिन आयडलवर चालवून नळीतलंही संपवा. गरम असतानाच कार्बमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेलाचे (गंज रोखणाऱ्या) काही थेंब सोडा, स्टार्टरवर दोन-तीन सेकंद फिरवा, पिस्टन खाली आणा, प्लग परत लावा. कार्ब आणि पाइपची तोंडं कापडाने बंद करा.

कुलर लावलेल्या खोलीत इंजिन ठेवू नका. मार्चपासून जूनपर्यंत आपल्या घरात तीच खोली सर्वात दमट असते, आणि मागचं बेअरिंग मला नेहमी तिथेच गंजलेलं सापडलं आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत, कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा काढून फ्लायव्हील हाताने फिरवा. पिंच वर येण्याआधीच थांबा आणि परत खाली आणून ठेवा.